वऱ्हाडची जप्ती

पगार हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. जप्ती, वसूल आणि बाकी हे तिघे अरबस्तानातले. फारसीचे बोट धरून ते आपल्या दप्तरात शिरले. पैसा हाती देणारा शब्द गलबतातून आला आणि हातचा पैसा काढून घेणारे शब्द घोड्यावरून आले, असे म्हणावयास हरकत नाही. ऐन दिवाळीत या शब्दांचे काय काम, असे कोणी वाचक विचारतील. परंतु पगार झाल्याशिवाय फराळ होत नाही, आणि पगारातून काय कापून आले हे पाहिल्याशिवाय नोकरदाराच्या घरी किराण्याची यादी होत नाही. तेव्हा विषय सणाचाच आहे.

आणखी एक शब्द म्हणजे तनखा. हिंदीत तनख्वाह म्हणजे पगार. आपल्या जुन्या दप्तरात मात्र तनखा म्हणजे गावाच्या किंवा परगण्याच्या वसुलाचा ठरीव आकडा. एकच शब्द पगारालाही आणि साऱ्यालाही कसा, याचे मला विद्यार्थिदशेपासून कोडे होते. पुढे ध्यानात आले की यात कोडे नाहीच. राजाजवळ रोकड क्वचितच असे. तो सरदाराला किंवा फौजेला पैसा देत नसे, पैसा जेथे आहे त्या ठिकाणची चिठ्ठी देत असे. अमुक परगण्याच्या वसुलातून तुमचा पगार घ्या, असा हुकूम निघे. मराठी राज्यात अशा हुकुमाला वरात म्हणत. लग्नाच्या वरातीशी तिचा काही संबंध नाही. पण ती ज्या गावावर येई त्या गावाला तिचाही खर्च सोसावा लागे. म्हणजे एकाचा पगार हा दुसऱ्याचा सारा, आणि मधल्या रस्त्यावर चिठ्ठी घेऊन निघालेला शिपाई.

ही जुनी गोष्ट मला आठवली ती एका ओळखीच्या मास्तरांमुळे. पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावी ते शिकवतात. तालुक्याच्या ठिकाणी वडिलार्जित प्लॉट होता, तो त्यांनी विकला आणि मुलीचे लग्न केले. त्या नफ्यावरचा आयकर भरायचा राहिला. नोटिसा आल्या, त्या कपाटात गेल्या. शेवटी पत्र आले ते मास्तरांच्या नावे नव्हे, त्यांचा पगार काढणाराच्या नावे आले: यांच्याकडे इतकी रक्कम येणे आहे, ती दरमहा पगारातून कापून भरणा करावी. लिपिकाने पगारपत्रकात एक ओळ वाढवली. झाले! गावात कोणाला कळले नाही. मास्तर घरी गेले, बाईंना सर्व सांगितले, तेव्हा त्या माउलीने किती गेले हे विचारले नाही. "मग हातात किती येणार?" एवढेच त्यांनी विचारले.

पूर्वीची जप्ती अशी मुकी नव्हती. पेशवाईत थकबाकीदाराच्या दारी सरकारचा प्यादा येऊन बसे. त्याची रोजची खुराकी आणि त्याच्या येण्याजाण्याचा 'मसाला' हाही थकबाकीदारानेच द्यायचा. बाकी शंभराची आणि मसाला वेगळा. मसाल्याच्या धास्तीनेच पुष्कळ जण बाकी भरीत. आजकालच्या नोटिशीची फी ही त्या मसाल्याचीच नात म्हणावी. इंग्रजी अंमलात चावडी आली, पटवाऱ्याची वही आली आणि दवंडी आली. कोतवाल गल्लीगल्लीतून हाकाटी करी, घरातली भांडी अंगणात मांडली जात, बैल सोडला जाई, आणि शेजारी पाजारी बोली बोलत.

या प्रकारात एक मोठी मेख होती. जप्तीच्या मालाला गिऱ्हाईक लागते. १९२८ साली गुजरातेत बारडोली तालुक्याचा सारा बावीस टक्क्यांनी वाढवला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो भरला नाही आणि सरकारने म्हशींपासून जमिनींपर्यंत सर्व जप्त करण्याचा सपाटा लावला. पण गावातला माणूस बोली बोलेना. गिऱ्हाइके बाहेरून आणावी लागली. अखेर चौकशी नेमावी लागली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. पगाराच्या जप्तीला हे भय नाही. पगार म्हणजे रोकडच. तिला दवंडी नको, गिऱ्हाईक नको, शेजाऱ्यांची तोंडे चुकवणे नको. अब्रू वाचते हे खरे. परंतु शेजाऱ्यांना कळत नाही म्हणून त्यांची मदतही येत नाही, हेही तितकेच खरे.

पगाराच्या जप्तीचा दुसरा विशेष असा की तीत तीन माणसे असतात. घेणेकरी एक, देणेकरी एक, आणि देणेकऱ्याचा पैसा ज्याच्या हाती आहे तो तिऱ्हाईत. सरकार त्या तिऱ्हाइताला सांगते, त्याला देऊ नकोस, मला दे. न ऐकले तर ती रक्कम त्याच्याच बोकांडी बसते. कायद्याच्या पुस्तकात ही युक्ती अलीकडची वाटेल. परंतु आमचा सबंध यवतमाळ जिल्हा, किंबहुना सबंध वऱ्हाड, एकदा अशाच तिऱ्हाइताच्या जागी उभा होता, आणि एकोणपन्नास वर्षे त्याला तेथून हलता आले नाही. ती हकीगत सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा. या मुलखात फार दिवस दोन धनी होते. निजामाचा अंमलदार आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमलदार एकाच गावच्या वसुलात हात घालीत. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा हक्क गेला आणि वऱ्हाड निजामाकडे आले. कुणब्याला वाटले असेल, दोनाचा एक झाला, सुटलो. परंतु त्याच सुमारास हैदराबादेत एका निराळ्याच खर्चाचे बीज पडले होते.

१८०० च्या तहाप्रमाणे, इंग्रजांना युद्ध पडले तर निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार कुमकेस द्यायचे होते. युद्ध पडले तर! पण रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकिर्दीत, १८१३ पासून, इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवायती फौज उभी राहिली, आणि युद्ध असो वा नसो, ती बारमाही पोसली जाऊ लागली. हीच पुढची हैदराबाद कंटिंजंट. तिच्या छावण्या आमच्या शेजारीच होत्या, एक अचलपुरास, दुसरी हिंगोलीस. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा, अशी ही व्यवस्था. दुसऱ्याच्या खर्चाने ठेवलेला नोकर कोणालाही महाग वाटत नाही.

निजामाच्या खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने पुढे होऊन फौजेच्या पगाराला कर्ज दिले. वऱ्हाडातल्या स्वारांचा पगारही या पेढीच्या पैशातून होऊ लागला. व्याज शेकडा चोवीसच्या घरात, आणि तारण म्हणून वसुलाच्या चिठ्ठ्या. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्याने हे सगळे प्रकरण उघडे केले. १८२४ मध्ये पेढी बुडाली. पेढी बुडाली म्हणून फौजेचा पगार थोडाच थांबतो?

दिवाण राजा चंदुलाल याने नवे सावकार शोधले. वऱ्हाडचा बहुतेक वसूल पूरणमल या सावकाराकडे मक्त्याने गेला. १८३९ मध्ये त्याला काढले, आणि दोनएक वर्षांत मोठे मोठे महाल पेस्तनजी आणि कंपनीकडे कर्जफेडीसाठी लावून दिले. हे पारशी व्यापारी हुशार. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला पहिल्यांदा यांनीच नेला, १८२५-२६ च्या सुमारास. १८४३ मध्ये चंदुलालाची दिवाणगिरी गेली, आणि नव्या कारभाऱ्यांनी पेस्तनजींचे महाल काढून घेतले. त्यांचे लाखो रुपये अडकले. ते तंटे पुढे किती तरी दिवस चालले. मक्तेदाराला मुलखाशी काय देणेघेणे? यंदाचा मक्ता पुढच्या साली आपल्याकडे राहील याची खात्री नाही, मग विहीर कोणासाठी बांधायची आणि सूट कोणाला द्यायची? पिळून घ्यायचे आणि निघायचे. या काळात वऱ्हाडातली किती गावे ओस पडली याच्या कहाण्या आमच्याकडचे जुने लोक सांगत.

यापुढची पायरी अपरिहार्य होती. कंटिंजंटचा पगार थकला की कंपनीच्या खजिन्यातून तो उसना दिला जाई आणि निजामाच्या नावे मांडला जाई. आकडा वाढत गेला. गव्हर्नर जनरल डलहौसी याने १८५१ मध्ये सक्त तगादा लावला. निजामाने बराचसा पैसा कसाबसा उभा केला, पण पगार दर महिन्याला उभाच! १८५३ पर्यंत कर्ज पुन्हा पन्नास लाखांच्या आसपास गेले. तेव्हा रेसिडेंट कर्नल लो याने तहाचा मसुदा पुढे ठेवला. निजाम नासिरुद्दौला काही दिवस अडून बसला. राजाला दोन गोष्टी कमीपणाच्या, आपला मुलूख विनाकारण देणे आणि इमानी फौज मोडणे, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे लोने लिहून ठेवले आहे. गंमत पाहा, फौज मोडली असती तर मुलूख वाचला असता. पण ते त्याच्या हाती तरी कोठे राहिले होते?

२१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिवकडचा भाग आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. त्यांच्या वसुलातून कंटिंजंटचा पगार भागवायचा, कर्जाचे व्याज घ्यायचे, आणि काही उरले तर हिशेबासह निजामाला द्यायचे. फौजही ठरली: पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने. दिवाण सिराजुल्मुल्क आठवड्याच्या आतच वारला, आणि त्याच्या जागी चोवीस वर्षांचा सालारजंग आला. हे मुलूख परत मिळवावेत हा त्याने पुढे आयुष्यभर धरलेला ध्यास.

वाचकांनी आता ती तीन माणसे मोजून पाहावीत. घेणेकरी कंपनी, देणेकरी निजाम, आणि हातात पैसा असलेला तिऱ्हाईत म्हणजे वणी, केळापूर, दारव्हा, पुसदचा कुणबी. कर्ज त्याने काढले नव्हते. हिंगोलीच्या छावणीतल्या शिपायाला त्याने बोलावले नव्हते. १८५२ साली तो सारा भरत होता आणि १८५४ सालीही भरत होता. पावतीवरचे नाव तेवढे बदलले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्य त्यांनी गोरगरिबांना वाटले, हिशेब मागितला गेला, तेव्हा पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला, त्याने दरबारात मोहरा ओतल्या आणि पावती घेतली. भक्तिकथेतसुद्धा पावती विसरलेली नाही, हे मला नेहमी मोठे मार्मिक वाटते. वऱ्हाडसाठी मात्र कोणी विठू महार आला नाही.

आला असता तरी काय झाले असते, हा प्रश्नच आहे. कारण १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ करण्यात आले. रायचूर आणि धाराशिव परत गेले. वऱ्हाड तेवढे ठेवून घेतले, कंटिंजंटच्या पगाराचे तारण म्हणून. वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही निजामाने सोडला. कर्ज फिटले आणि जप्ती कायम! सावकारी जगात याला नाव आहे. राजकारणात त्याला विश्वस्तपणा म्हणतात. लगेच अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले, १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचा भाव आभाळाला टेकला, आणि काळ्या मातीचा हा मुलूख सोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मक्तेदारीपेक्षा नवी व्यवस्था कुणब्याला बरी होती. १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, सारा तीस वर्षांसाठी ठरला. १८६४ मध्ये आमचा वेगळा जिल्हा झाला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ मध्ये पुसद त्याला जोडले गेले आणि यवतमाळ हे नाव आले. पण ठरीव साऱ्याची दुसरी बाजू अशी की तो पाऊस पाहत नाही. हप्ता चुकला तर शेत सरकारजमा. शेत वाचवायचे तर सावकार.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली यांच्याशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. भाडे सालीना पंचवीस लाख रुपये. आणि येथे इतिहासाने पुन्हा तीच ओळ गिरवली: त्या पंचवीस लाखांतूनही आरंभीची काही वर्षे जुन्या कर्जांच्या फेडीपोटी कपात होत असे. ज्याचा मुलूख पगारासाठी जप्त झाला, त्याला मिळणारे भाडेही कापूनच हाती पडे! पुढल्याच वर्षी कंटिंजंट हिंदी फौजेत मिसळली. जिच्या पगारासाठी हे सारे झाले ती फौज वेगळी अशी उरलीच नाही, आणि वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात गेले.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो, हातात किती येणार? राजांच्या व्यवहारात हा प्रश्न कोणी विचारला नाही. सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र कायद्याने तो हळूहळू विचारला, याचे श्रेय दिले पाहिजे. १९०८ च्या दिवाणी संहितेचे साठावे कलम मला एखाद्या गृहिणीने सांगून लिहवल्यासारखे वाटते. जप्तीत काय घेऊ नये याची त्यात यादी आहे. अंगावरचे जरूर तेवढे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपले मंगळसूत्र, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, लागतील तेवढी गुरे आणि बियाणे. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानेही दिवाणी कायद्यात सुटणाऱ्या वस्तू साऱ्याच्या जप्तीत सोडल्या होत्या.

त्याच कलमात पगाराची मोजणी आहे. १९०८ मध्ये सरकारी, रेल्वेच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नोकराचा वीस रुपयांपर्यंतचा पगार सबंध सुटे. वीस ते चाळीस असेल तर वीस सुटत. त्याहून जास्त असेल तर निम्मा. १९३७ मध्ये पहिले शंभर आणि उरलेल्याचा अर्धा असे झाले. १९७६ मध्ये पहिले चारशे आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. २००२ पासून पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. शिवाय दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचा तो भाग एकंदर चोवीस महिने जप्तीत राहिला तर पुढे बारा महिने त्याला हात लावता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने पगारातून थकबाकी कापण्याचा अधिकार दिला तेव्हाही, साठाव्या कलमात जो भाग सुटतो तो येथेही सुटेल, असे स्पष्ट लिहिले.

सवय जात नाही म्हणून उदाहरण सोडवूनच दाखवतो. पगार तीस हजार धरा. पहिले एक हजार बाजूला. उरले एकोणतीस हजार. त्यांची तिसरी पाती म्हणजे नऊ हजार सहाशे सहासष्ट रुपये आणि काही पैसे. एवढेच कापता येते. वीस हजार तीनशे तेहतीस घरी आलेच पाहिजेत. आमच्या मास्तरांच्या पगाराला मी हाच हिशेब कागदावर करून दाखवला, तेव्हा पगारपत्रकात त्याहून जास्त कापले जात असल्याचे निघाले. त्यांनी रीतसर अर्ज केला, साठाव्या कलमाचा आधार दिला, आणि थकबाकीचे हप्ते बांधून मागितले. दोन महिन्यांनी कपात कमी झाली. कर त्यांना भरावाच लागला आणि तो भरणे रास्तच होते.

या कलमात एक पोटकलम आहे, त्याकडे आमच्या भागातल्या फार थोड्यांचे लक्ष जाते. मजुराची आणि घरगड्याची मजुरी, पैशात असो की धान्यात, मुळीच जप्त होत नाही. एक रुपयाही नाही. म्हणजे आमच्याकडचा सालदार, जो गुढीपाडव्याला बोलीवर राहतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो, तो या बाबतीत मास्तरापेक्षा सुरक्षित. परंतु सालदाराला पाडव्यालाच उचल लागते, लग्न असते, औषधपाणी असते. जी मजुरी कायद्याला जप्त करता येत नाही ती त्याने काम सुरू करण्यापूर्वीच घेऊन खर्चलेली असते, आणि वर्षभर वखरामागे चालून तो ती फेडत असतो. तिच्यावर ना दवंडी, ना नोटीस, ना साठावे कलम. मालकाच्या वहीत त्याच्या नावासमोर एक आकडा आणि खाली अंगठा.